हिमकडा आणि हिमलादी : वातसंचित हिमाच्या धोक्याचे आकलन

हिमालयातील दुर्घटनांच्या वार्ता मराठी वृत्तपत्रांत येतात, तेव्हा ‘हिमकडा कोसळला’ असा शब्दप्रयोग पुष्कळदा आढळतो. शब्द सुबोध आहे; परंतु त्याने मनासमोर उभे राहणारे चित्र अपुरे आहे. कडा वरून कोसळतो आणि खालचा मनुष्य दैववशात त्यात सापडतो, असे त्यातून सूचित होते. आल्प्समधील अपघातांच्या नोंदी निराळेच सांगतात. हिमस्खलनात मृत्यू पावणाऱ्या गिर्यारोहकांपैकी व स्कीइंग करणाऱ्यांपैकी सुमारे दहांतील नऊ जणांच्या बाबतीत ते स्खलन त्यांच्या स्वतःच्या किंवा सोबत्याच्या भाराने सुटलेले असते. म्हणजे धोका बहुधा डोक्यावर नसून पायाखाली असतो. हे ध्यानी येण्यासाठी वाऱ्याने साठविलेल्या हिमाचे स्वरूप पाहावयास हवे. मराठीत भुसभुशीत व घट्ट गोठलेल्या अशा दोहोंनाही ‘बर्फ’च म्हणतात, म्हणून पहिल्यासाठी येथे ‘हिम’ हा शब्द योजिला आहे.

ताजे, कोरडे हिम सेकंदास ४ ते ५ मीटर वेगाच्या वाऱ्यानेही हलू लागते. कण प्रथम पृष्ठभागालगत उड्या घेत सरकतात. वारा वाढला म्हणजे ते उंच उचलले जातात. वाऱ्याचा वेग दुप्पट झाला, तर वाहून नेल्या जाणाऱ्या हिमाचे प्रमाण ढोबळमानाने आठपट होते. या प्रवासात स्फटिकांचे नाजूक फाटे मोडतात, आणि उरलेले बारीक कण दाट रचले जाऊन परस्परांस चिकटतात. अशा संलग्न थरास जर्मनमध्ये ‘श्नेब्रेट’, म्हणजे हिमाची फळी, असे म्हणतात. इंग्रजीत त्यास ‘स्लॅब’ हा शब्द आहे. मराठीत ‘हिमलादी’ म्हणावे, असे मला वाटते. लादी स्वतः कितीही टणक असली, तरी तिचे स्थैर्य खालच्या चुन्यावर अवलंबून असते. हिमलादीखाली दुबळा थर असेल, उदाहरणार्थ निरभ्र रात्री जमलेले पिसांसारखे तुषारस्फटिक, तर एका ठिकाणी पडलेल्या भाराने त्या थरात तडा जातो, तो दूरवर धावतो आणि सारी लादी एकदम सुटते.

लादी कोठे साठते, या प्रश्नात महाराष्ट्रातील विद्यार्थ्याची फसगत होण्याचा संभव आहे. सह्याद्रीच्या वाताभिमुख बाजूस विपुल पाऊस आणि पलीकडे पर्जन्यछाया, हा पाठ आपण शाळेत शिकतो. उडत्या हिमाचा न्याय याहून वेगळा आहे. वाताभिमुख उतार खरवडला जातो आणि धारेपलीकडे, जेथे वारा मंदावतो, तेथे हिम साचते. आडव्या वाऱ्याने घळी भरतात. यासाठी नवीन हिमवर्षाव व्हावाच लागतो असे नाही. आकाश निरभ्र असतानाही काही तासांत धोका निर्माण होऊ शकतो.

वारा कोणत्या दिशेने वाहून गेला, हे हिमच सांगते. छपराच्या वळचणीसारखी धारेबाहेर झुकलेली हिमाची कड साठवणीच्या बाजूस झुकते. ‘सास्त्रुगी’ हे रशियन मुळाचे नाव असलेल्या कोरीव लाटांची उभी बाजू मात्र वाऱ्याकडे असते. पावलापासून फाकत जाणाऱ्या भेगा आणि थर खचल्याचा दबका आवाज ही तर साक्षात धोक्याची चिन्हे होत. या आवाजास इंग्रजीत ‘व्हुम्फ’ व जर्मनमध्ये ‘वुम’ असे अनुकरणवाचक शब्द आहेत. आपण ‘धप्प’ म्हणू. मात्र येथे तर्काची एक मर्यादा पाळली पाहिजे. ही चिन्हे धोका सिद्ध करतात. त्यांचा अभाव सुरक्षितता सिद्ध करीत नाही.

यानंतर उताराचा विचार. हिमलाद्या बहुतांशी ३० अंशांहून तीव्र उतारांवर सुटतात. तथापि तीव्र उताराच्या पायथ्याशी सपाटीवर चालणाराही दुबळ्या थरातून वरची लादी सोडवू शकतो. म्हणून पायाखालच्या उताराबरोबर माथ्यावरचा उतारही मोजावा लागतो. लादी सुटल्यास माणूस कोठे फेकला जाईल, हेही पाहावे. घळीत किंवा कड्यावरून नेणारे लहानसे स्खलनही प्राणघातक ठरते.

शेवटचा प्रश्न पुन्हा शब्दार्थाचाच आहे. युरोपात १९९३ पासून धोक्याच्या पाच पातळ्यांची समान श्रेणी वापरात आहे. तीमधील तिसरी पातळी जर्मनमध्ये ‘एर्‌हेब्लिश’, फ्रेंचमध्ये ‘मार्के’ म्हणून ओळखली जाते. मराठीत ‘लक्षणीय’ म्हणता येईल. पाचांतील तीन म्हणजे मध्यम, असा अर्थ वाचक सहज करतो. परंतु पातळीगणिक धोका समान अंतराने वाढत नाही, तो झपाट्याने वाढत जातो. तिसऱ्या पातळीवर एकट्या माणसाच्या भारानेही लादी सुटू शकते, आणि स्वित्झर्लंडमध्ये हिमस्खलनाचे सर्वाधिक बळी याच पातळीच्या दिवसांत पडतात. ‘मध्यम’ हे नाव दुसऱ्या पातळीचे आहे.

भारतात या विषयाच्या अभ्यासासाठी १९६९ मध्ये मनाली येथे स्थापन झालेली संस्था २०२० मध्ये संरक्षण भू-माहिती संशोधन आस्थापनेत विलीन झाली. हिमालयातील धोक्याचे अंदाज आज ही आस्थापना प्रसृत करते. महाराष्ट्रातून दरवर्षी हिमालयात जाणाऱ्यांनी हे अंदाज वाचावेत, हे उघडच आहे. ते मराठीत आणताना ‘हिमकडा’ व ‘हिमलादी’ हा भेद आपण पाळला, तर पायाखाली पाहण्याची सूचना वाचकास त्या शब्दातूनच मिळेल.