परवडणारी घरे : योजना एका नजरेत

- सिडको : स्थापना १९७०. छत्रपती संभाजीनगरातील ‘एन’ सेक्टरांच्या वसाहती सिडकोने वसवल्या.
- म्हाडा : कायदा १९७६, स्थापना १९७७. छत्रपती संभाजीनगरात विभागीय मंडळ. घरांचे वाटप सोडतीने.
- पंतप्रधान आवास योजना (शहरी) : सुरुवात २५ जून २०१५. दुसरा टप्पा २०२४ पासून. उद्दिष्ट १ कोटी कुटुंबे.
- उत्पन्नगट (कुटुंबाचे वार्षिक उत्पन्न, दुसरा टप्पा) : दुर्बल ३ लाखांपर्यंत, अल्प ३ ते ६ लाख, मध्यम ६ ते ९ लाख रुपये.
- पंतप्रधान आवास योजनेचे चार पर्याय (दुसरा टप्पा) : स्वतःच्या जागेवर बांधकामास अनुदान, भागीदारी प्रकल्पातील घर, भाड्याचे घर, गृहकर्जाच्या व्याजात सवलत.
- राज्याचे धोरण : ‘माझे घर, माझे अधिकार’, मे २०२५. उद्दिष्ट २०३० पर्यंत ३५ लाख घरे.
- मुख्य अट : केंद्राच्या योजनेसाठी कुटुंबाच्या नावे देशात कुठेही पक्के घर नसावे.