जुन्या मोटारसायकलचा पुढचा ब्रेक

लिव्हर काय सांगतो? स्पंजासारखा दबला, तर लाइनमध्ये हवा. धरून ठेवल्यावर हळूहळू खाली गेला, तर गळती किंवा मास्टर सिलिंडरचं झिजलेलं सील. इथं ब्लीडिंग (लाइनमधली हवा काढणं) करून उपयोग नाही. कडक आहे पण गाडी थांबत नाही, तर पॅड तेलकट झालेत किंवा कॅलिपरचा पिस्टन गंजून अडकलाय. वाराणसीतल्या बालाजी घाटाच्या वरच्या अरुंद गल्ल्यांत गाय, माणूस आणि गाडी एकदमच समोर येतात. तिथं ब्रेक पहिल्या दाबातच लागायला हवा.

ब्रेक ऑइल: हवेतला ओलावा शोषतं. डॉट ४ दर्जाच्या ऑइलचा उत्कलनबिंदू नवं असताना किमान २३०° से., ओलावा शोषल्यावर किमान १५५°. काळपट तपकिरी दिसलं की बदला. एरवी दर २ वर्षांनी. डॉट ५ सिलिकॉनचं, यात कधीही मिसळू नका.

ब्लीडिंग: कॅलिपरच्या निपलला पारदर्शक नळी, दुसरं टोक थोडं ऑइल असलेल्या बाटलीत बुडवलेलं. लिव्हर दाबून धरा, निपल पाव फेरा सैल करा, बुडबुडे निघतील. आधी निपल घट्ट, मगच लिव्हर सोडा. हा क्रम चुकला की हवा परत आत. बुडबुडे थांबेपर्यंत हेच. वरची ऑइलची टाकी रिकामी होऊ देऊ नका. रंगावर सांडलेलं ऑइल लगेच पाण्यानं धुवा.

एबीएस (चाक जाम होऊ न देणारी यंत्रणा): भारतात १ एप्रिल २०१९ पासून १२५ सीसीवरच्या नव्या दुचाकींना सक्तीचं. त्याआधीच्या बहुतेक जुन्या गाड्यांत नसतं.