केसांसाठी घेतलेली गोळी केसांच्याच मुळावर

२००८ मध्ये अमेरिकेतल्या दहा राज्यांत दोनशेएक माणसे एकाच तऱ्हेने आजारी पडली. जुलाब, गळून गेल्यासारखा थकवा, सांधेदुखी, रंग बदलून ठिसूळ झालेली नखे आणि बहुतेकांची भरमसाट केसगळती. ही सगळी माणसे तब्येत सुधारावी म्हणून एकच पातळ सप्लिमेंट घेत होती. लेबलावर सेलेनियमचा रोजचा डोस २०० मायक्रोग्रॅम छापला होता. तपासणीत तो जवळपास ४०,८०० निघाला. उत्पादनातली चूक, पण भोगली ती शहाणपणाने वागणाऱ्या माणसांनी.

सेलेनियम शरीराला हवेच असते. थायरॉइडचे काम त्यावाचून नीट चालत नाही. मात्र लागते ते अगदी कणभर: अमेरिकी मानकानुसार प्रौढांना दिवसाला ५५ मायक्रोग्रॅम, आणि ४०० च्या वर जाऊ नये. गरज आणि धोका यांच्यातले अंतर एवढेच.

हे आपल्यापासून लांबचे प्रकरण नाही. डिसेंबर २०२४ आणि जानेवारी २०२५ मध्ये बुलढाणा जिल्ह्यातल्या शेगाव तालुक्यात बोंडगाव, कालवड अशा गावांमध्ये डोके खाजू लागले आणि काही दिवसांतच टक्कल पडू लागले. पहिला संशय पाण्यावर गेला. पुढे महाडचे डॉ. हिंमतराव बावस्कर यांनी बाधितांचे रक्त, लघवी, केस आणि रेशनचा गहू तपासून सेलेनियमकडे बोट दाखवले. जस्त कमी पडल्याचेही त्यांनी नोंदवले. इथे गोळीचा संबंध नव्हता. पण सेलेनियम बाटलीतून आले काय आणि पोळीतून आले काय, केसांना फरक पडत नाही. त्या गावांमध्ये कॉलेजात जाणाऱ्या आणि लग्नाला आलेल्या मुलींनी जे सोसले, ते आठवले की ‘केस काय, पुन्हा येतील’ असे म्हणायला माझी जीभ रेटत नाही.

अतिरेकाने केस गळवणारे दुसरे नाव जीवनसत्त्व ‘अ’चे. त्याच्या कमतरतेचे धडे आपण शाळेपासून वाचले, अतिरेकाबद्दल फारसे कुणी बोलले नाही. बी आणि सी ही जीवनसत्त्वे पाण्यात विरघळतात, जास्तीची बरीचशी लघवीवाटे निघून जातात. ‘अ’ चरबीत विरघळते आणि यकृतात साठत राहते. प्रौढांसाठी तयार ‘अ’ची वरची मर्यादा दिवसाला ३,००० मायक्रोग्रॅम, म्हणजे १०,००० आययू. एकाच गोळीने ती सहसा ओलांडली जात नाही. सकाळी मल्टिव्हिटॅमिन, दुपारी केसांची गमी, रात्री कॉड लिव्हर ऑइल, अशी बेरीज होत जाते. कुठल्याही एका डबीवर ती बेरीज छापलेली नसते. डबीवर ‘रेटिनॉल’ किंवा ‘रेटिनिल पाल्मिटेट’ लिहिले असेल तर तो आकडा आधी पाहावा. गाजराची धास्ती नको; त्यातल्या बीटा कॅरोटिनपासून शरीर गरजेपुरतेच ‘अ’ बनवते. गरोदरपणात मात्र तयार ‘अ’चा अतिरेक बाळाच्या वाढीला घातक ठरतो, तिथे स्वतःच्या मनाने एकही गोळी नको.

शेगावात केस काही दिवसांतच गेले, पण गोळ्यांच्या केसगळतीची खरी गोम बहुतेकदा वेळेत असते. शरीराला धक्का बसला की बरेच केस एकदम विश्रांतीच्या अवस्थेत जातात आणि गळतात दोन-तीन महिन्यांनी. तोवर नवी डबी घेतल्याचे कुणाच्या लक्षात राहत नाही. कंगव्यात गुंता दिसला की दोष पाण्याला, शाम्पूला, टेन्शनला. आणि उपाय म्हणून आणखी एक डबी. मला सर्वांत जास्त काळजी वाटते ती या फेऱ्याची. दोन-तीन महिन्यांचा तोच उशीर डेंगी, टायफॉइड, बाळंतपण किंवा कडक डाएट यांनंतरच्या गळतीतही असतो. म्हणून त्वचारोगतज्ज्ञ मागचे तीन-चार महिने विचारतात, हिमोग्लोबिन, फेरिटिन, थायरॉइड तपासायला सांगतात. जाताना घरातल्या सगळ्या डब्या पिशवीत घालून न्याव्यात. नुसते ‘व्हिटॅमिन घेते’ म्हटल्याने डॉक्टरांना डोस कळत नाही. कारण अतिरेकाचेच असेल तर गोळी थांबवल्यावर केस बहुतेकदा परत येतात, पण त्याला महिने लागतात.

बायोटिनने केस गळत नाहीत, तरी ते इथे सांगायलाच हवे. गरज दिवसाला सुमारे ३० मायक्रोग्रॅम, आणि केसांच्या गोळ्यांत ते अनेकदा ५,००० किंवा १०,००० असते. एवढ्या बायोटिनमुळे रक्ताच्या काही चाचण्या फसतात: थायरॉइडचे आकडे चुकतात, हृदयविकाराच्या झटक्यात पाहिले जाणारे ट्रोपोनिन प्रत्यक्षापेक्षा कमी दिसू शकते. अमेरिकेच्या औषध प्रशासनाने २०१७ मध्येच तसा इशारा दिला आहे. रक्त देण्याआधी लॅबमध्ये आणि डॉक्टरांना ही गोळी चालू असल्याचे सांगावे, आणि ती किती दिवस आधी बंद करायची तेही त्यांनाच विचारावे.