आकड्यांच्या दारात अडलेले सी. के.

सचिन तेंडुलकर आंतरराष्ट्रीय क्रिकेट परिषदेच्या हॉल ऑफ फेममध्ये आहे, सुनील गावसकर आहेत, राहुल द्रविड आहे, २०२५ साली महेंद्रसिंह धोनीही तिथे गेला. ३१ ऑक्टोबर १८९५ रोजी नागपुरात जन्मलेले आणि भारताचे पहिले कसोटी कर्णधार झालेले कोट्टारी कनकय्या नायडू मात्र २०२५ पर्यंतच्या यादीत नाहीत. आलापल्ली, अहेरीपासून नागपूरपर्यंत कुठेही हा विषय काढला, की ठरलेलं उत्तर मिळतं: सात कसोटी, ३५० धावा, सरासरी २५, एवढ्या भांडवलावर कोण आत घेणार? हे उत्तर ऐकायला बिनतोड वाटतं. आकडेही खरे आहेत. पण त्यातून काढलेला निष्कर्ष चुकीचा आहे, कारण त्यामागे एक मोठा गैरसमज आहे. हॉल ऑफ फेम म्हणजे आकड्यांची गुणपत्रिका आणि ठरावीक टक्के पडले की प्रवेश, असं आपण धरून चालतो.

आधी किरकोळ गैरसमज बाजूला करू. पहिला म्हणजे ही नावं आपलं मंडळ ठरवतं, त्यामुळे मुंबईकरांचीच वर्णी लागते. या हॉलची सुरुवात आयसीसीने जानेवारी २००९ मध्ये, स्वतःच्या शताब्दी वर्षात, खेळाडूंच्या आंतरराष्ट्रीय संघटनेसोबत केली. पहिल्या यादीत ५५ नावं होती आणि त्यात बेदी, कपिल देव, गावसकर हे तीन भारतीय होते. पुढची निवड होते ती आधीच आत असलेले हयात खेळाडू, पत्रकार आणि क्रिकेट संघटनांचे प्रतिनिधी यांच्या मतांनी. त्यात भारतीय मंडळाचा हुकूम चालत नाही. दुसरा गैरसमज असा, की माणूस हयात नसेल तर विषय संपला. हा गोंधळ बहुधा पद्म पुरस्कारांमुळे होतो. ते सहसा मरणोत्तर दिले जात नाहीत, म्हणून खाशाबा जाधवांच्या पद्म सन्मानाची मागणी वर्षानुवर्षं चालू राहते. इथे तशी अट नाही. विनू मंकड १९७८ साली गेले आणि २०२१ साली हॉलमध्ये आले. खेळाडूला शेवटच्या आंतरराष्ट्रीय सामन्यानंतर पाच वर्षं थांबावं लागतं, एवढंच. नायडूंनी शेवटची कसोटी १९३६ साली खेळली, तेव्हा ती मुदत कधीच उलटून गेली.

आता मुख्य मुद्दा, म्हणजे निकष. प्रसिद्ध झालेल्या निकषांनुसार फलंदाजाच्या नावावर कसोटी किंवा एकदिवसीय यांपैकी एका प्रकारात ८,००० धावा आणि २० शतकं हवीत, नाहीतर पन्नासच्या वर सरासरी हवी. गोलंदाजाला २०० बळी हवेत, तेही कसोटीत सरासरी ५० चेंडूंना किंवा एकदिवसीय सामन्यांत ३० चेंडूंना एक या वेगाने. ही मोजपट्टी जरा मोठ्या गोलंदाजांना लावून बघा. मुथय्या मुरलीधरनचे कसोटी बळी ८००, पण प्रत्येकासाठी ५५ चेंडू लागले. शेन वॉर्नचे ७०८, दर बळीला ५७ चेंडू. अनिल कुंबळेचे ६१९, दर बळीला सुमारे ६६ चेंडू. एकदिवसीय सामन्यांतही तिघांपैकी कोणी तिसाच्या आत बसत नाही. म्हणजे नियमाचं अक्षर पाळायचं तर जगातले सर्वाधिक कसोटी बळी घेणारा माणूसच दाराबाहेर राहतो. तो आत आहे, वॉर्न आणि कुंबळेही आत आहेत, आणि त्याबद्दल कोणी कुरकुर केलेली नाही. शिवाय त्याच निकषांत, ज्यांनी खेळाच्या इतिहासावर मूलभूत परिणाम केला त्यांचा विचार आकडेवारीबाहेर करता येईल, अशी सोय आहे. डब्ल्यू. जी. ग्रेस यांची २२ कसोटींतली सरासरी जेमतेम ३२. तरी ते पहिल्या यादीतच होते, आणि ते योग्यच होतं, कारण आज आपण ज्याला फलंदाजी म्हणतो तिची घडण बऱ्याच अंशी त्या दाढीवाल्या डॉक्टरने केली.

ग्रेस इंग्रज म्हणून त्यांची गोष्ट वेगळी, असं कोणी म्हणेल. असं म्हणणाऱ्यांसाठी लिअरी कॉन्स्टंटाइन यांचं उदाहरण आहे. वेस्ट इंडीजचे हे अष्टपैलू खेळाडू १८ कसोटी खेळले, धावा ६३५, सरासरी १९ च्या आसपास, बळी ५८. निव्वळ फलंदाजीच्या सरासरीत ते नायडूंच्याही मागे आहेत. २०२१ साली आयसीसीने क्रिकेटच्या पाच कालखंडांतून प्रत्येकी दोन असे दहा जण निवडले, तेव्हा दोन महायुद्धांमधल्या काळातून कॉन्स्टंटाइन आत गेले. का? कॅरेबियन बेटांतला खेळाडू जगाला तोडीस तोड ठरू शकतो हे त्यांनी मैदानावर दाखवलं, आणि लंडनच्या हॉटेलने वर्णावरून खोली नाकारली तेव्हा कोर्टात जाऊन दावा जिंकला. मतदारांनी त्यांचं सगळं आयुष्य वजनात धरलं. मग त्याच काळातल्या, त्याच वजनाच्या नायडूंना नुसती सरासरी विचारून परत पाठवायचं, हे कसं चालेल?

त्या सरासरीच्या मागे काय आहे, तेही पाहिलं पाहिजे. भारताने पहिली कसोटी २५ जून १९३२ रोजी लॉर्ड्सवर सुरू केली, तेव्हा नायडू ३६ वर्षांचे होते. ज्या वयात बहुतेक फलंदाज निवृत्तीच्या गोष्टी करतात, त्या वयात त्यांची कसोटी कारकीर्द सुरू झाली, आणि पुढच्या चार वर्षांत भारत कसोटी खेळला तोच मुळी सात वेळा. एकही सामना त्यांनी सोडला नाही. लॉर्ड्सवर हाताला दुखापत झालेली असताना पहिल्या डावात त्यांनी केलेल्या ४० धावा संघात सर्वाधिक होत्या. त्या दौऱ्याचे कर्णधार खरं तर पोरबंदरचे महाराज. कसोटीच्या वेळी ते बाजूला झाले आणि संस्थानिकांच्या त्या जमान्यात कर्णधारपद नागपूरच्या या माणसाकडे आलं. त्या उन्हाळ्यात प्रथम श्रेणी सामन्यांत नायडूंनी १,६१८ धावा केल्या, वर ६५ बळी घेतले, आणि १९३३ च्या विस्डेनने त्यांना वर्षातल्या पाच क्रिकेटपटूंत बसवलं. शेवटची कसोटी १९३६ साली ओव्हलवर. तेव्हा ते चाळिशीला पोचले होते, आणि अखेरच्या डावात त्यांनी ८१ धावा काढल्या. सात कसोटींतली ही त्यांची सर्वोच्च खेळी.

पण त्यांचं खरं काम कसोटीच्या आधी होऊन गेलं होतं. डिसेंबर १९२६ मध्ये मुंबईत, बॉम्बे जिमखान्यावर, हिंदू संघाकडून, इंग्लंडहून दौऱ्यावर आलेल्या एमसीसी संघाविरुद्ध त्यांनी दोन तासांच्या आत १५३ धावा केल्या. त्यात ११ षटकार होते. इंग्लंडचे खासे गोलंदाज समोर होते आणि चेंडू जिमखान्याच्या आसपासच्या इमारतींकडे जात होता. त्या काळात षटकार मारणं बेफिकिरीचं लक्षण मानत. त्या दुपारी ते हुकमी कौशल्य असल्याचं दिसलं. याच दौऱ्याने इथल्या क्रिकेटच्या संघटनेला गती मिळाली आणि १९२८ साली भारतीय मंडळ उभं राहिलं. एका खेळीने मंडळ जन्माला आलं, असं मी म्हणणार नाही. पण भारताला कसोटी दर्जा शोभेल का, या प्रश्नाचं उत्तर मैदानावर ज्यांनी दिलं, त्यांत नायडूंचं नाव पहिलं घ्यावं लागतं. ‘मूलभूत परिणाम’ या शब्दांना याहून वेगळा अर्थ काय असणार?

आकडा कामगिरी सांगतो, पण ती कुठे आणि किती संधीतून उगवली हे सांगत नाही. आलापल्लीच्या डेपोत सागाच्या लठ्ठ्याची गोलाई आणि लांबी टेपने मोजतात. नदीकाठच्या गाळात ती गोलाई जेवढ्या वर्षांत भरते, मुरमाड उतारावर तिला त्याहून कितीतरी जास्त वर्षं लागतात, आणि लिलावात बोली लावणारा जाणता माणूस टेपवर न थांबता कापलेल्या तोंडावरची वर्तुळंही पाहतो. खेळाडूच्या बाबतीत ही वर्तुळं पाहायचं आपण विसरतो. आजही गडचिरोली जिल्ह्यातल्या मुलाला मोठं क्रिकेट खेळायचं तर वाट विदर्भ क्रिकेट संघटनेतून, म्हणजे नागपुरातून जाते. विदर्भाने २०१७-१८, २०१८-१९ आणि २०२४-२५ असा तीनदा रणजी करंडक जिंकला, पण भामरागडच्या रस्त्यावरच्या गावातून जामठ्याच्या मैदानापर्यंतचं अंतर त्याने कमी झालं नाही. संधी सगळ्यांना सारखी मिळाली, असं गृहीत धरणारी कोणतीही यादी सुरुवातीलाच चुकते.

अमेरिकेतल्या बेसबॉलने हा धडा फार जड किंमत देऊन घेतला. कूपर्सटाउनचा त्यांचा हॉल ऑफ फेम आयसीसीपेक्षा कितीतरी जुना. पहिली निवडणूक १९३६ साली झाली, इमारत १९३९ साली उघडली. अनुभवी बेसबॉल पत्रकार मत देतात आणि ७५ टक्के मतं लागतात. तिथेही लोकांना वाटतं की आकडे असले की झालं. पण बॅरी बाँड्सच्या नावावर ७६२ होमरन आहेत, इतिहासात सर्वाधिक. तरी उत्तेजक द्रव्यांच्या संशयामुळे २०२२ साली, पत्रकारांच्या मतपत्रिकेवरच्या त्याच्या शेवटच्या वर्षी, त्याला ६६ टक्केच मतं पडली. उलट टोक म्हणजे सॅचेल पेज. कृष्णवर्णीय असल्यामुळे उमेदीची सगळी वर्षं या गोलंदाजाला निग्रो लीगमध्ये काढावी लागली. १९४८ साली मेजर लीगचं दार त्याच्यासाठी उघडलं तेव्हा तो ४२ वर्षांचा होता, आणि तिथे त्याच्या नावावर विजय जमा झाले जेमतेम २८. हॉलच्या हिशेबाने हा आकडा काहीच नाही. १९६६ साली टेड विल्यम्स या गोऱ्या फलंदाजाने स्वतःच्या सत्काराच्या भाषणात, पेज आणि निग्रो लीगमधलाच जॉश गिब्सन यांना इथे जागा द्या, असं जाहीर सांगितलं. तेव्हा कुठे चक्रं फिरली, आणि १९७१ साली पेज हॉलमध्ये आला. निग्रो लीगच्या खेळाडूंसाठी वेगळं दालन करावं, असाही घाट आधी घातला गेला होता. लोकांनी तो हाणून पाडला. २०२४ साली तर मेजर लीगने निग्रो लीगची आकडेवारी अधिकृत नोंदीत मिसळली आणि गिब्सनची सरासरी तोवर पहिल्या असलेल्या टाय कॉबच्या वर गेली.

आपल्याकडे पेजची जागा पळवणकर बाळूंची आहे. पुण्यात गोऱ्यांच्या क्लबात खेळपट्टीची कामं करता करता हा चर्मकार समाजातला मुलगा नेटमध्ये साहेबांना गोलंदाजी करू लागला आणि डावखुऱ्या फिरकीचा उस्ताद झाला. त्याच्या चेंडूंवर हिंदू संघ सामने जिंकत होता, आणि चहा मात्र त्याला पॅव्हेलियनबाहेर, वेगळ्या मातीच्या भांड्यात दिला जात होता. १९११ साली पतियाळाच्या महाराजांच्या नेतृत्वाखाली भारतीय संघ इंग्लंडला गेला, तेव्हा बाळूंनी सगळ्या सामन्यांत मिळून ११४ बळी घेतले. कसोटी बळी शून्य, कारण भारताची पहिली कसोटी झाली तेव्हा त्यांचं वय पन्नाशी ओलांडून गेलेलं होतं. हिंदू संघाचं कर्णधारपद त्यांना कधीच मिळालं नाही. १९२३ साली ते धाकट्या भावाला, विठ्ठलला, मिळालं, आणि त्यासाठी लागलेला रेटा बाळूंच्या बोटांनी तयार केलेला होता.

इथे एक आक्षेप येतो आणि तो हलका नाही. असं दार सैल केलं तर उद्या प्रत्येक जिल्हा आपापला उपेक्षित हिरो घेऊन उभा राहील. भाऊसाहेब निंबाळकरांनी पुण्यात काठियावाडविरुद्ध नाबाद ४४३ धावा केल्या, ब्रॅडमनच्या विक्रमाला नऊ धावा कमी असताना प्रतिपक्षाने सामनाच सोडून दिला, आणि त्यांना एकही कसोटी मिळाली नाही. पद्माकर शिवलकरांनी १२४ प्रथम श्रेणी सामन्यांत विसाच्या आतल्या सरासरीने ५८९ बळी घेतले, तेही कसोटीविना. मग हे का नकोत? माझ्या मते ते इथे बसत नाहीत, आणि फरक स्पष्ट आहे. शिवलकरांच्या वाटेत बिशनसिंग बेदी उभे होते, निंबाळकरांच्या बाबतीत निवड समितीची मर्जी आडवी आली. दोन्हीकडे चुटपूट लागते. पण या दोघांच्या काळात कसोटी सामने होते, निवड होत होती आणि स्पर्धा चालू होती. नायडू आणि बाळू यांच्या वेळी ते मैदानच तयार व्हायचं होतं, आणि तयार करणाऱ्यांत हे दोघे होते. संघात जागा न मिळणं आणि संघच नसणं, या दोन्हींना एकाच तराजूत घालता येत नाही. शिवाय शिवलकरांना मंडळाने २०१७ साली जीवनगौरव पुरस्कार दिला, आणि गंमत पाहा, तो पुरस्कार सी. के. नायडूंच्याच नावाचा आहे.

दुसरा आक्षेप असा, की त्या खेळी पाहिलेला आज कोण उरलाय, मतदार कशाच्या जोरावर मत देणार? पण ग्रेसला किंवा ऑब्री फॉकनरला खेळताना पाहिलेला मतदार २००९ किंवा २०२१ साली कुठे होता? धावफलक, विस्डेन आणि समकालीनांचं लेखन यावरच त्यांची पारख झाली, आणि नायडूंबद्दल त्याच जातीचा पुरावा भरपूर आहे. बाळूंच्या बाबतीत मतदारांना थोडं जास्त धैर्य लागेल, कारण तिथे आंतरराष्ट्रीय या शब्दाची व्याख्याच १९११ पर्यंत मागे न्यावी लागते. म्हणून क्रम लावायचा झाला तर मी नायडूंना पहिला ठेवीन. त्यांच्यासाठी एकही नियम वाकवावा लागत नाही. कॉन्स्टंटाइनना आत घेताना जे कलम वापरलं, तेच पुन्हा वापरायचं आहे.