अपघाताची भरपाई आणि वकिलाचा वाटा

रस्त्यावरच्या अपघातात घरातला कमावता माणूस गेला, की भरपाईचा दावा लावायला पैसे लागतात; आणि पैसे आणणारा तर गेलेला असतो. अशा वेळी वकिलाची फी द्यायची कशातून? या प्रश्नाला वेगवेगळ्या देशांनी दिलेली उत्तरे निकालपत्रांतून आणि नियमांतून तपासताना मला त्यांत एक समान धागा दिसला : दावा हरण्याची जोखीम कोणी उचलायची, यावर फीची रीत ठरते.

अमेरिकेत ही जोखीम वकील उचलतो. दुखापतीच्या दाव्यात तो सहसा आगाऊ फी घेत नाही. भरपाई मिळाली तर साधारण तिसरा हिस्सा त्याचा, नाही मिळाली तर फी शून्य. मात्र तज्ज्ञांची साक्ष, कागदपत्रे, न्यायालयाचे शुल्क हा खर्च वेगळा असतो आणि खरी मेख तिथेच आहे. समजा, भरपाई १ लाख डॉलर आणि खर्च १० हजार. पूर्ण रकमेवर तिसरा हिस्सा काढून मग खर्च वजा केला, तर अशिलाच्या हाती सुमारे ५६,६६७ डॉलर पडतात. आधी खर्च वजा करून उरलेल्यावर हिस्सा काढला, तर ६० हजार. म्हणूनच तिथल्या बार असोसिएशनच्या आदर्श नियमांनुसार असा करार लेखी असावा लागतो आणि खर्च आधी वजा होणार की नंतर, हेही त्यात लिहावे लागते. इंग्लंडने मधला मार्ग काढला. तिथे दावा जिंकल्यास वकील जादा फी घेऊ शकतो, पण २०१३पासून दुखापतीच्या दाव्यांत तिच्यावर मर्यादा आहे : भविष्यातील नुकसानीची रक्कम वगळून उरणाऱ्या भरपाईच्या २५ टक्के.

भारताने हा दरवाजाच बंद ठेवला. या संदर्भातला महत्त्वाचा निकाल मुंबईच्या एका वकिलाबाबतचा आहे. वसुलीतला ५० टक्के वाटा घेण्याचा करार त्याने अशिलाशी केला होता. १९५४ साली सर्वोच्च न्यायालयाने हे व्यावसायिक गैरवर्तन ठरवले. न्या. व्हिव्हियन बोस यांनी केलेला भेद मला फार बोलका वाटतो : हाच करार दोन सामान्य माणसांत झाला असता, तर तो बेकायदा ठरला नसता, वकिलाला मात्र तो वर्ज्य. दाव्यातच ज्याचा वाटा, तो अशिलाला तटस्थ सल्ला कसा देणार? बार कौन्सिलच्या नियमांतही निकालावर अवलंबून फी ठरवण्यास आणि मिळकतीत वाटा घेण्यास मनाई आहे.

पण बंदीने गरज संपत नाही. २०१७मध्ये सर्वोच्च न्यायालयासमोर आलेले तेलंगणातले प्रकरण मोटार अपघाताच्या भरपाईचेच होते. पतीच्या अपघाती मृत्यूची भरपाई मिळालेल्या महिलेची तक्रार अशी, की वकिलाने १० लाख रुपये फी घेतली आणि खात्यात पैसे नाहीत असे सांगूनही आणखी ३ लाखांच्या धनादेशावर सही करायला लावली. धनादेश वटला नाही, तेव्हा वकिलाने तिच्यावरच फौजदारी खटला भरला. न्या. आदर्शकुमार गोयल आणि न्या. उदय लळित यांच्या पीठाने तो रद्द केला. भरपाईच्या टक्केवारीवर बेतलेली फीची मागणी सार्वजनिक धोरणाच्या विरुद्ध आहे, असे त्यांनी म्हटले.

अमेरिकेतल्या अशिलाला वाट्याचा हिशेब लेखी मागता येतो. आपल्याकडे वाटा मुळातच निषिद्ध. त्यामुळे तो ठरलाच, तर तोंडी ठरतो आणि त्याचा कागद कोणाकडेच राहत नाही.

यावरचा उपाय १९८७च्या विधी सेवा प्राधिकरण कायद्यात आहे. कलम १२ नुसार स्त्रिया, मुले, दिव्यांग आणि अनुसूचित जाती-जमातींच्या व्यक्तींना मोफत वकील मिळू शकतो. त्यासाठी उत्पन्नाची अट नाही. म्हणजे अपघातात पती गमावलेली जवळजवळ प्रत्येक स्त्री त्याला पात्र ठरते. तरीही खासगी वकील करायचाच असेल, तर ठरावीक रकमेची फी लिहून घ्यावी आणि दिलेल्या प्रत्येक रुपयाची पावती ठेवावी. भरपाईतला वाटा वकिलाला नाकारणारा कायदा न्याय्य ठरायचा, तर मोफत वकिलाचा हा हक्क त्या घरापर्यंत वेळेत पोहोचायला हवा.