इंजिनाचा ठोका ऐका

पुण्यात खडकीला १९४६ साली किर्लोस्कर ऑईल इंजिन्स निघाली आणि पुढे कित्येक विहिरींवरची मोट जाऊन डिझेल इंजिन आले. तुम्ही ते गोबर गॅसवर चालवत असाल, तर त्याचा आवाज कानात बसलेला असेलच. मधेच घणाचे घाव बसल्यासारखी खणखण सुरू झाली, तर कानाआड करू नका.

डिझेल दाबाने तापलेल्या हवेत आपोआप पेटते; त्याला सुमारे २५० अंश पुरतात. गॅसमधल्या मिथेनला ५०० च्या वर लागतात. म्हणून गॅसबरोबर थोडे डिझेल सोडावेच लागते. ते आगकाडीचे काम करते. ज्योत पुढे सरकते तसा कडेचा न पेटलेला गॅस दाबला जातो, तापतो. ज्योत पोचण्याआधीच तो भडकला, की ठोका!

याचा हिशेब १९५५ साली लिव्हनगुड आणि वू यांनी मांडला. समजा, एक घागर भरते आहे. धग आणि दाब जास्त, तितकी धार मोठी. ज्योतीआधी घागर भरली की ठोका. सीएनजी इंजिनाची आखणी करणारे हेच गणित आज संगणकावर करतात. पुण्याच्या वेताळ टेकडीवरच्या, १९६६ सालच्या एआरएआय संस्थेत अशा इंजिनांची परीक्षाही होते.

गोबर गॅसमधल्या कार्बन डाय-ऑक्साईडने घागर सावकाश भरते, एवढे बरे. तरी ठोका आलाच, तर गॅसचा कॉक थोडा आवळा. गव्हर्नर डिझेल आपोआप वाढवतो. ओझे कमी करा, थंड पाणी नीट फिरते का पाहा. नाहीतर आधी हेडचे पॅकिंग जाते, मग पिस्टन.