घानातील कोकोची शेती: भाव वाढला, शेतकरी मात्र मागेच

चॉकलेट आपणा सर्वांच्या परिचयाचे आहे. परंतु ज्याच्या कष्टातून ते निर्माण होते तो कोको पिकवणारा शेतकरी आपल्याला अपरिचितच असतो. जगातील निम्म्याहून अधिक कोको पश्चिम आफ्रिकेतील आयव्हरी कोस्ट आणि घाना या दोन शेजारी देशांत पिकतो. त्यांपैकी घानाची आजची स्थिती विचार करायला लावणारी आहे.

टेटे क्वार्शी या लोहाराने १८७९ साली फर्नांडो पो बेटावरून कोकोच्या बिया आणून माम्पाँग येथे लावल्या, असे तेथे सांगितले जाते. १९११ च्या सुमारास हा देश जगातील सर्वांत मोठा कोको उत्पादक बनला. १९७० च्या दशकाच्या अखेरीस तो मान आयव्हरी कोस्टकडे गेला. आज घानातील सुमारे ८ लाख शेतकरी कुटुंबे या पिकावर जगतात. बहुतेकांची शेती लहान आहे. फळे तोडणे, फोडणे, बिया केळीच्या पानांखाली आंबवणे आणि उन्हात वाळवणे ही सारी कामे हातांनीच होतात.

२०२०-२१ च्या हंगामात घानाचे उत्पादन १० लाख टनांवर गेले होते. २०२३-२४ मध्ये ते जवळपास निम्म्यावर आले. त्यामागे अनेक कारणे आहेत. झाडे म्हातारी झाली आहेत, पाऊस बेभरवशाचा झाला आहे आणि पिठ्या ढेकणांमार्फत पसरणाऱ्या एका विषाणूमुळे फांद्या सुजून झाड मरते. या रोगावर औषध नाही. बाधित झाड तोडून नवे लावावे लागते आणि त्याला फळ धरण्यास तीन ते पाच वर्षे लागतात. तोवर कुटुंबाने खायचे काय? अशा वेळी सोन्याच्या बेकायदा खाणी खोदणारे रोख पैसा पुढे करतात. जमीन एकदा खोदली गेली की पीकही जाते आणि पाऱ्यामुळे नदीही नासते. या खाणींच्या विरोधात ऑक्टोबर २०२४ मध्ये अक्रा येथे कॅथोलिक धर्मगुरू व भाविकांनी प्रार्थनायात्रा काढली होती.

मूळ प्रश्न मात्र भावाचा आहे. घानात शेतकऱ्याला मिळणारा दर सरकार ठरवते. १९४७ साली स्थापन झालेले कोको मंडळ पिकाचा मोठा भाग हंगामाआधीच परदेशी खरेदीदारांना विकत आले. भाव कोसळला तर या पद्धतीने शेतकऱ्याचे रक्षण होते. परंतु तो चढला तर लाभ त्याच्यापर्यंत पोहोचत नाही. २०२४ मध्ये नेमके असेच घडले. जागतिक बाजारात कोको टनामागे १०,००० डॉलरच्या वर गेला, पण घानाचा बराच माल जुन्या, स्वस्त दराने आधीच विकला गेला होता. सरकारने दर वाढवला, तरी तो बाजाराच्या बराच मागे राहिला. मग पुष्कळ माल चोरून सीमेपलीकडे गेला. २०२५ मध्ये जागतिक भाव पुन्हा घसरला.

शेतकऱ्याला जगण्यापुरते उत्पन्न मिळावे म्हणून दोन्ही देशांनी २०२०-२१ पासून टनामागे ४०० डॉलरचा अधिभार लावला. परंतु खरेदीदारांनी दर्जापोटी दिली जाणारी जादा रक्कम घटवली आणि लाभ बराचसा निसटला. मजूर लावण्याची ऐपत नसल्याने मुलेही शेतात राबतात. शिकागो विद्यापीठाशी संलग्न संस्थेच्या २०२० च्या अहवालानुसार दोन्ही देशांत मिळून सुमारे १५ लाख ६० हजार मुले कोकोच्या बालमजुरीत होती.

बालमजुरीविरुद्ध कायदे हवेत, जंगल तोडून पिकवलेल्या कोकोवर युरोपने २०२३ साली घातलेल्या बंदीसारखे नियमही हवेत. परंतु त्यांचा खर्च गरीब शेतकऱ्यावरच पडला तर ते टिकणार नाहीत. नवे झाड फळ देईपर्यंत कुटुंबाला आधार, सावलीसाठी इतर वृक्षांची जोड आणि १९९३ साली स्थापन झालेल्या कुआपा कोकू या सहकारी संस्थेसारखे शेतकऱ्यांचे संघटन, हे मार्ग उपलब्ध आहेत. कोकोची शेती टिकवायची असेल, तर ती करणाऱ्याला पुढच्या पिढीसाठी झाड लावणे परवडले पाहिजे.